करवंटीतला दिवा

बऱ्याच दिवसांनी शनिवार मोकळा मिळालाय. रिलीज नाही, ऑनकॉल नाही, कुणाचं लग्न नाही. म्हटलं, डोक्यात वर्षभर घोळत असलेला एक विषय एकदाचा लिहून टाकू. विषय ऐकून हसू नका: घरी मेणबत्त्या करायला लागलेल्या माणसाने त्या कशात ओताव्यात?

२०२४ च्या ऑक्टोबरपर्यंत मीही हसलो असतो.

त्याचं असं झालं. माझी आई शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवून रिटायर झाली. पहिले सहा महिने तिने घर आवरलं, मग घरात आवरायला काही उरलं नाही म्हणून आम्हाला आवरायला लागली. तेवढ्यात सोसायटीतल्या एका काकूंनी तिला एक दिवसाच्या मेणबत्तीच्या क्लासला नेलं. आणि आमचं पुण्यातलं दोन खोल्यांचं घर मोगरा, लव्हेंडर आणि मेणाच्या वासाने भरून गेलं. आई खूश, बाबा सहनशील.

आमचं मूळ गाव संगमेश्वराकडचं. तिथून दर सुटीत नारळ येतात, त्यामुळे करवंट्यांना तोटा नाही. आईने त्या पॉलिश पेपरने घासल्या, बाहेरून चकाकी दिली, आत मेण ओतलं, मधे वात. काय सुंदर दिसत होत्या म्हणून सांगू! मी फोटो काढले, ऑफिसच्या ग्रुपवर टाकले आणि दीडशे रुपयाला एक अशा चौदा ऑर्डरी घेऊन आलो. शिवाय सोसायटीच्या दिवाळी स्टॉलसाठी सव्वीस. एकूण चाळीस. 'इको-फ्रेंडली', 'झिरो वेस्ट' असले शब्द मीच तिला लेबलवर लिहून दिले होते. हे मुद्दाम सांगतोय, कारण पुढे जे झालं त्यात माझा वाटा मोठा आहे.

दसऱ्याला गावी गेलो तेव्हा आईने आजीला दोन मेणबत्त्या दिल्या. सासूबाईंना आपण केलेली वस्तू द्यायची म्हणजे आईला किती अप्रूप असेल, तुम्ही समजू शकता. आजीने त्या हातात घेऊन उलटसुलट करून पाहिल्या, "छान केलीस हो," म्हणाली, आणि देवघरात ठेवल्या.

आठवड्याने काकांचा फोन आला. आजी तीन दिवस रोज संध्याकाळी त्यातली एक लावत होती. तिसऱ्या दिवशी ती लावून पडवीत जपाला बसली, आणि आत करवंटीच पेटली. वात नव्हे, अख्खी करवंटी. देव्हाऱ्याची लाकडी बाजू काळी पडली. आजीने ती हाताने बाजूला सारायचा प्रयत्न केला, दोन बोटं भाजली. मग ती तांब्यातलं पाणी ओतणार तेवढ्यात काकू धावत आली आणि तिने त्यावर पातेलं पालथं घातलं. काकूने ते कुठे वाचलं नव्हतं. कढईतलं तेल पेटलं तर पाणी ओतायचं नाही, झाकण घालायचं, एवढंच तिला माहीत होतं. पेटलेल्या मेणाचंही तसंच असतं. पाणी जड, ते मेणाखाली जातं, क्षणात वाफ होते आणि जळतं मेण सगळीकडे उडतं. काकू अर्धा मिनिट उशिरा आली असती तर हा लेख मी लिहिला नसता.

मी रात्री आजीला फोन केला. रागवेल असं वाटलं होतं. ती शांतपणे म्हणाली, "अरे, करवंटी ती, पेटायचीच. मला वाटलं, तुम्ही शिकलेली माणसं, काहीतरी लावलं असेल तिला. म्हणून मी काही बोलले नाही."

मंडळी, हे वाक्य मला अजून झोंबतं. ज्या करवंट्यांनी आजीने जन्मभर न्हाणीघरातला बंब पेटवला, त्याच करवंटीत आम्ही तिला दिवा लावून दिला. घरात एक निवृत्त विज्ञान शिक्षिका आणि एक इंजिनिअर! करवंटी हे पहिल्या प्रतीचं जळण आहे हे कोकणातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. आम्हालाही ठाऊक होतं. पण ती पॉलिश करून, लेबल लावून समोर आली की ती 'जळण' राहत नाही, 'भांडं' होते. निदान आपल्या डोक्यात.

तर आता माझं मत. घरगुती मेणबत्तीत सगळ्यात महत्त्वाचा निर्णय मेणाचा नसतो, सुगंधाचा नसतो, रंगाचा तर नसतोच. तो भांड्याचा असतो. आणि नेमका तोच निर्णय आपण 'काय छान दिसेल' एवढ्यावर घेतो. क्लासमध्ये, रीलमध्ये सगळा वेळ वासाच्या तेलात जातो, भांड्याला एक वाक्य: "घरातलं कुठलंही सुंदर भांडं घ्या." हे वाक्य चुकीचं आहे आणि धोकादायक आहे.

का ते सांगतो. उभी, उघडी मेणबत्ती स्वतःचं भांडं स्वतःच तयार करते. मायकेल फॅरेडेने लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मुलांसाठी मेणबत्तीवर व्याख्यानं दिली होती, १८६१ मध्ये त्यांचं पुस्तक निघालं. त्यात त्याने हे फार छान समजावलंय. ज्योतीमुळे गरम हवा वर जाते, तिच्या जागी बाजूने गार हवा येते, त्या हवेने मेणाची बाहेरची कड गार राहते आणि मधे वितळलेल्या मेणाची वाटी तयार होते. म्हणजे कड थंड ठेवायचं काम हवा फुकटात करते. आपण मेण भांड्यात ओतलं की ही सोय गेली. आता मेण अडवायचं, उष्णता सोसायची, ज्योतीला हवा मिळू द्यायची, ही सगळी कामं भांड्याच्या गळ्यात पडतात.

आणि उष्णता किती, तर हिशेब करू. ताशी ५ ग्रॅम मेण जळतंय असं धरा. एका ग्रॅममागे साधारण ४३ किलोज्यूल. म्हणजे सुमारे ६० वॉट. जुना पिवळा साठचा बल्ब आठवतोय? तो हाताने काढताना चटका बसायचा तो? तेवढी उष्णता त्या इवल्याशा ज्योतीतून तासन् तास निघत असते. बरीचशी वर जाते हे खरं, पण भांड्याच्या वाट्याला येते तीही कमी नसते.

आता करवंटी नेमकी का फसली ते बघू, कारण एकाच वस्तूत सगळ्या चुका सापडल्या.

पहिली गोष्ट, ती जळते. लाकडी वाटी, बांबू, कागदी कप, सगळ्यांचं तेच. प्लास्टिक तर वितळतंसुद्धा. दुसरी, तिचा आकार. वर रुंद, खाली निमुळती. नवीन असताना ज्योत मधोमध, कडा लांब, सगळं झकास. जसजसं मेण खाली जातं तसतशा भिंती ज्योतीच्या जवळ येतात. तिसरी, ती मेण पिते. म्हणजे भिंतच हळूहळू वात होते. चौथी, नारळाला तीन डोळे असतात, त्यातला एक मऊ असतो. डोळ्यांकडची अर्धी करवंटी घेतली तर तिथून मेण गळू शकतं. पाचवी, बूड गोल, त्यामुळे डुगडुगते. आणि बाहेरून आम्ही लावलेली चकाकी, तीही जळणारीच.

आणि ह्यातलं काहीच पहिल्या अर्ध्या तासात दिसत नाही. आईने एक मेणबत्ती अर्धा तास लावून बघितली होती. "मस्त जळतेय," म्हणाली. आमच्या धंद्यात ह्याला 'माझ्या मशीनवर तर चालतंय' म्हणतात :) भांड्यातल्या मेणबत्तीचा बग शेवटी येतो, मेण तळाला गेल्यावर. आणि तोवर ती आपल्या ओट्यावर नसते, दुसऱ्याच्या देवघरात असते.

मग चांगलं भांडं कुठलं? एकेक घेऊ.

मातीचा कुल्हड लोकांना फार आवडतो. माती जळत नाही, हे बरोबर. पण विनाचकाकीची भाजलेली माती सच्छिद्र असते. दिवाळीच्या आधी आपण पणत्या पाण्यात भिजत का घालतो? तेल पिऊ नये म्हणून. तोच न्याय मेणाला. कुल्हड मेण पितो, बाहेरून तेलकट होतो, खालच्या टेबलावर डाग पडतो आणि ज्योत काठाशी गेली तर काठही धरू शकतो. आतून चकाकी दिलेलं चिनी मातीचं भांडं चालेल, पण आधी वाजवून घ्या. मडकं घेताना आजी टिचकी मारून बघायची तसं. खणखणीत वाजलं तर ठीक, बद्द वाजलं तर आत चीर आहे. आणि पणतीचं म्हणाल तर मेणाची छोटी पणती मला मान्य आहे. तिच्यात मेण थोडं, तोंड उघडं, बूड जमिनीवर. पणती हे शेकडो वर्षं टेस्टिंग झालेलं डिझाइन आहे. गडबड होते ती आपण तिला मोठी करून टीव्हीच्या शेजारी ठेवतो तेव्हा.

काच. इथे सगळ्यात जास्त गैरसमज आहेत. काच जळत नाही, पण तडकते. गार ग्लासात उकळता चहा ओतला की काय होतं ते माहीत आहे ना? आतली बाजू तापून प्रसरण पावते, बाहेरची गारच असते, ताण येतो आणि 'टिच्'. आपल्या घरातले साधे ग्लास, बरण्या सोडा-लाइम काचेच्या असतात. प्रयोगशाळेतली बोरोसिलिकेट काच तेवढ्याच उष्णतेला साधारण तिच्या एक तृतीयांशच प्रसरण पावते, म्हणून ती टिकते. अमेरिकेतल्या कॉर्निंग कंपनीत जेसी लिटलटन नावाचा शास्त्रज्ञ होता. १९१३ साली त्याच्या बायकोने, बेसीने, अशा काचेच्या बॅटरीच्या बरणीचं कापलेलं बूड घेऊन त्यात चक्क केक भाजला. तिथूनच पुढे १९१५ मध्ये पायरेक्सची भांडी आली. म्हणजे हा प्रश्न स्वयंपाकघरातल्या बाईने आधी सोडवला, कंपनीने नंतर!

पण म्हणून मेणबत्तीला बोरोसिलिकेटच हवी असं नाही. बाजारातल्या मेणबत्त्यांचे बरेच ग्लास सोडा-लाइमचेच असतात. फरक असा की ते त्या कामासाठी बनवलेले असतात. अमेरिकेत त्यासाठी 'एएसटीएम एफ २१७९' असं वेगळं मानकच आहे. काच घडवल्यावर ती सावकाश गार करून आतला ताण घालवलेला असावा आणि तिने तापमानाचा झटका सोसावा, हा त्यातला मुद्दा. तुमच्या कपाटातल्या सरबताच्या ग्लासावर असली परीक्षा कुणी घेतलेली नसते.

"जाड काच घेतली की झालं," असंही ऐकू येतं. अर्धसत्य. जाड काच पडली तर कमी फुटते, पण तापल्यावर आतल्या-बाहेरच्या तापमानात फरक जास्त पडतो. मला विचाराल तर जाडीपेक्षा सारखेपणा बघा. बूड जाडजूड आणि भिंत एकदम पातळ असेल तर ताण त्या सांध्यावर येतो. काचेत बुडबुडा, ओरखडा, केसाएवढी चीर दिसली तर ते भांडं बाद. दांडीचे वाइन ग्लास तर नकोच, पातळ असतात आणि धक्का लागला की आडवे. जॅमची, लोणच्याची बरणी त्या मानाने बरी, पण जिचे खांदे आत वळलेत आणि तोंड अरुंद आहे ती नको. अरुंद तोंडात हवा कमी, काजळी जास्त आणि वरची कड भलतीच तापते.

राहिला धातू. माझा कौल धातूला आहे, आणि नवशिक्याला तर शंभर टक्के. सगळ्यात सोपं उत्तर तुमच्या घरात आहे: मसाल्याच्या डब्यातली सपाट बुडाची स्टीलची वाटी. जळत नाही, तडकत नाही, पीत नाही, गळत नाही. साधारण ८०-९० ग्रॅम मेण मावतं, म्हणजे शिकायला भरपूर. एकच दोष, अख्खी वाटी तापते. पेटती असताना हात लावायचा नाही आणि खाली फरशीचा तुकडा किंवा जाड बशी ठेवायची, नाहीतर टेबलाच्या सनमायक्यावर गोल डाग पडेल. पत्र्याच्या डब्या घेतल्या तर बिनजोडाच्या घ्या. ज्यांना बाजूला किंवा बुडाला जोड असतो त्या कधीकधी तिथून झिरपतात. आणि झाकण असलेली घ्या, विझवायला तेच सगळ्यात चांगलं.

आकाराचा नियम सोपा: सरळ भिंती, सपाट बूड, वरचं तोंड खालच्याइतकंच. पहिल्यांदा करताय तर आतला व्यास ६-७ सेंटीमीटर, एकच वात, बरोब्बर मधे. वातीखाली ती पत्र्याची छोटी चकती येते ना, ती उंच मानेची घ्या आणि तळाला नीट चिकटवा. म्हणजे शेवटी ज्योत तळाला टेकायच्या आत विझते. वात दर वेळी ५-६ मिलीमीटर ठेवून कापायची. आणि मेणावर सुकलेल्या गुलाबपाकळ्या, दालचिनी, कॉफीच्या बिया पसरायच्या नाहीत. त्या वितळलेल्या मेणात पडल्या की प्रत्येकीची वेगळी वात होते.

हे सगळं झाल्यावर टेस्टिंग. आईने आता वहीच केलीय, शाळेत प्रयोगवही असायची तशी. उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण! नवीन प्रकारचं भांडं आलं की आधी रात्रभर पाणी भरून वर्तमानपत्रावर ठेवायचं. सकाळी कागद ओला तर बाद. काच असेल तर बादलीत, हातमोजे घालून, साधारण ७५ अंशाच्या पाण्यातून २५ अंशाच्या पाण्यात. तडकायचं असेल तर तिथेच तडकू दे. मग मेण ओतून चार-चार तासांच्या हप्त्यात, समोर बसून, तळाला १ सेंटीमीटर मेण उरेपर्यंत जाळायची. अर्धा तास नव्हे. शेवटपर्यंत.

ह्यात तिचा एक जुना ग्लास दुसऱ्याच दिवशी गेला. तापलेला ग्लास तिने कडप्प्याच्या ओट्यावर सरकवला, ओटा ओला होता, बूड टिचकलं आणि मेण ओट्याभर. आई दोन मिनिटं बघत उभी राहिली आणि म्हणाली, "प्रसरण-आकुंचन मी तीस वर्षं फळ्यावर शिकवलं रे. आज बघितलं."

आता तुमच्यातले काही म्हणतील, एवढं काय घाबरवतोस? पूर्वीच्या लोकांनी कुठे मानकं वाचली होती? हा आक्षेप मला ऑफिसातही ऐकावा लागला. माझं उत्तर असं की पूर्वीचे लोक दिवा पितळेच्या समईत लावायचे, मातीच्या पणतीत लावायचे, कंदिलात लावायचे. करवंटीत लावत नव्हते. ती चुलीत घालत होते. मानक त्यांच्या अंगवळणी पडलेलं होतं. आपण ते विसरलो आणि वर त्याला 'क्रिएटिव्ह' म्हणायला लागलो.

दुसरा आक्षेप: "पेटती सोडून जाऊ नये हे घेणाऱ्याला कळायला नको?" कळायला हवं. पण माझी ऐंशी पार केलेली आजी देवासमोर दिवा लावून पडवीत जपाला बसली, ह्यात तिची चूक आहे असं मी म्हणू शकत नाही. दिवा तसाच लावतात. माणसं जशी वागतात ते गृहीत धरूनच वस्तू करायची असते. युजर चुकला म्हणून सुटका करून घेणारा प्रोग्रामर मला आवडत नाही, मेणबत्तीवालाही आवडत नाही. स्वतःच्या घरी तुम्ही काय वाटेल ते करा. पण एकदा ती वस्तू दिली किंवा विकली की भांड्याची जबाबदारी देणाऱ्याची.

त्या चौदा ऑर्डरींचं काय झालं? बाबा म्हणाले, "दिवाळी तोंडावर आलीये, करवंटीत एक ग्लास बसवून दे की." आई नको म्हणाली. मी एकेकाला फोन केला, खरं कारण सांगितलं, एकवीसशे रुपये परत केले. दोघांना आधीच दिल्या होत्या, त्या त्यांच्या घरी जाऊन परत आणल्या. लाज वाटली, नाही असं नाही. एकजण तर म्हणाला, "अरे राहू दे, नुसती शोसाठी ठेवतो." नाही ठेवू दिली. आज शोसाठी ठेवलेली मेणबत्ती लाइट गेल्यावर पहिली पेटवली जाते. स्टॉलही रद्द केला. चाळिसातल्या उरलेल्या सगळ्या मेणबत्त्यांमधलं मेण आईने काढून घेतलं. रिकाम्या करवंट्या काकांकडे गेल्या. बंबात.

वर्षभर तिने फक्त वहीत प्रयोग केले. २०२५ च्या दिवाळीला अठराच मेणबत्त्या केल्या, सगळ्या झाकणाच्या पत्र्याच्या डबीत, दिसायला अगदी साध्या. प्रत्येकीबरोबर तिच्या शिक्षिकेच्या अक्षरातली चिठ्ठी: खाली फरशी ठेवा, एका वेळी चार तासांच्या वर नको, तळाला बोटभर मेण उरलं की संपली समजा, पेट घेतला तर पाणी नको, झाकण. फोटोत त्या करवंटीइतक्या छान येत नाहीत. 'इको-फ्रेंडली' वगैरे लेबल मी लावलं नाही.

आजीला मात्र तिने मसाल्याच्या डब्यातल्या वाटीतली पाठवली. ती लावणार नाही असं मला वाटलं होतं. लावली. अगदी शेवटपर्यंत, समोर बसून. मग फोनवर म्हणाली, "तुझ्या आईला सांग, वाटी परत पाठवत नाही. मीठ ठेवायला बरी आहे."

असो. तुम्ही घरी मेणबत्त्या करत असाल तर ह्या शनिवारी एक काम करा. मेण-बिण बाजूला ठेवा आणि नुसती भांडी ओट्यावर मांडून एकेकाकडे बघा. जे भांडं तुम्ही चुलीत घातलं असतंत तर जळलं असतं, त्यात ज्योत ठेवू नका. बाकीचं नंतर शिकता येतं.